एमआरआयमध्ये पिट्युटरी मोठी आली? ऑपरेशनआधी थायरॉईडचा रिपोर्ट बघा

वयात येणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं डोकं बरेच दिवस दुखत असतं, म्हणून एमआरआय काढला जातो. रिपोर्टमध्ये येतं की पिट्युटरी ग्रंथी वाढलेली आहे, वरच्या बाजूला फुगली आहे, मॅक्रोअ‍ॅडिनोमा (पिट्युटरीतली मोठी गाठ) असू शकतो. घरातल्यांच्या मनात त्यातला एकच अर्थ रुतून बसतो: मेंदूत ट्यूमर. मग न्यूरोसर्जनची वेळ घेतली जाते आणि नाकातून ऑपरेशन कसं करतात याचे व्हिडिओ रात्री जागून बघितले जातात. या धावपळीत कधीकधी एक साधी रक्ततपासणी राहून गेलेली असते. थायरॉईडचं काम दाखवणाऱ्या टीएसएच आणि फ्री टी-४ची.

थायरॉईड फार काळ मंदावलेला राहिला आणि कुणाच्या लक्षात आला नाही, तर पिट्युटरी (म्हणजे पीयूषिका ग्रंथी) स्वतःहून वाढते. ही वाढ ट्यूमरसारखी दिसते, पण ट्यूमर नसते. थायरॉईडची गोळी सुरू केली की बहुतेक मुलांमध्ये ती काही महिन्यांत ओसरते. अशा ग्रंथीवर ट्यूमर समजून शस्त्रक्रिया झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यात निरोगी पिट्युटरीच कापली जाते, आणि मग कॉर्टिसॉल (ताणात शरीराला सावरणारं हार्मोन), वाढीचं हार्मोन, वयात येण्याची हार्मोन्स अशी सगळीच आयुष्यभर बाहेरून द्यावी लागण्याची वेळ येऊ शकते. म्हणून कोणती गोष्ट आधी करायची आणि कोणती नंतर, याला इथे फार महत्त्व आहे. हा लेख तो क्रम पालकांना समजावा म्हणून आहे. निर्णय अर्थातच मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा, शक्यतो बालकांच्या हार्मोन विकारांच्या तज्ज्ञाचा, म्हणजे पीडियाट्रिक एंडोक्रायनॉलॉजिस्टचा.

ग्रंथी फुगते कशी

मेंदूतला हायपोथॅलॅमस टीआरएच नावाचं हार्मोन सोडतो. त्याने पिट्युटरी टीएसएच बनवते आणि टीएसएचच्या सांगण्यावरून गळ्यातला थायरॉईड टी-४ आणि टी-३ तयार करतो. रक्तात ही दोन पुरेशी झाली की वरच्या दोघांना आवर बसतो. थायरॉईडच आजारी असला तर तो आवर सुटतो. ओ न देणाऱ्या माणसाला आवाज चढवत हाका मारत राहावं, तसा हायपोथॅलॅमस टीआरएच वाढवतो आणि पिट्युटरी टीएसएच. पिट्युटरीच्या पुढच्या भागात टीएसएच बनवणाऱ्या पेशी एरवी ५ टक्क्यांच्या आसपास असतात. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे हा ताण राहिला की त्या संख्येने वाढतात आणि पूर्ण ग्रंथीचाच आकार वाढतो.

टीआरएचमुळे प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशीही चेतवल्या जातात. त्यामुळे प्रोलॅक्टिन वाढतं आणि निदानाचा घोळ आणखी वाढतो, कारण मोठी पिट्युटरी आणि वाढलेलं प्रोलॅक्टिन असं चित्र प्रोलॅक्टिनोमा या खऱ्या ट्यूमरमध्येही दिसतं.

हे ज्ञान नवीन नाही. नीप्स या फ्रेंच डॉक्टरांनी १८५१ सालीच थायरॉईडच्या कमतरतेत पिट्युटरी मोठी होत असल्याची नोंद केली होती. एमआरआय आल्यावर ती वाढ डोळ्यांना दिसू लागली, आणि मग दिसणाऱ्या गोष्टीची भीतीही वाढली.

पहिली पायरी: रिपोर्टमधला मिलिमीटरचा आकडा वाचा

निष्कर्षाची ओळ थोडी बाजूला ठेवा आणि ग्रंथीची उंची किती लिहिली आहे ते शोधा. लहान मुलांमध्ये ती साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते. वयात येताना ती नैसर्गिकरीत्याच वाढते. मुलींमध्ये १० मिलिमीटरपर्यंतची उंची आणि वरून किंचित गोलसर आकार हा त्या वयाचा भाग असू शकतो. १४ वर्षांच्या मुलीची ९ मिलिमीटरची ग्रंथी बघून कुणी घाबरवलं, तर आधी हेच विचारा की या वयाला ती नॉर्मल नाही का.

थायरॉईडमुळे फुगलेली ग्रंथी मात्र १५ मिलिमीटरच्या पुढेही जाऊ शकते. ती हाडाच्या खोबणीतून वर येते आणि दृष्टीच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथपर्यंत पोहोचू शकते. आकारावरून थोडा अंदाज बांधता येतो. हायपोथायरॉईडची, म्हणजे मंदावलेल्या थायरॉईडमुळे आलेली सूज बहुधा मधोमध, दोन्ही बाजूंनी सारखी, घुमटासारखी असते आणि कॉन्ट्रास्ट (एमआरआयच्या वेळी शिरेतून दिलं जाणारं औषध) दिल्यावर पूर्ण ग्रंथी एकसारखी उजळते. अ‍ॅडिनोमा बऱ्याचदा एका बाजूला कललेला असतो, आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा कमी उजळतो आणि ग्रंथीचा देठ बाजूला ढकलतो. पण माझं मत स्पष्ट आहे: नुसत्या चित्रावरून या दोन्हींत निवाडा करायचा नाही. रेडिओलॉजिस्टला रक्ताचा रिपोर्ट माहीतच नसेल तर त्यांनी अ‍ॅडिनोमाची शक्यता लिहिणं चूक नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघणारं कुणीतरी हवं.

दुसरी पायरी: टीएसएच आणि फ्री टी-४, दोन्ही एकत्र

फक्त टीएसएच मागवू नका. खरा अर्थ जोडीतून निघतो.

टीएसएच खूप वाढलेलं आणि फ्री टी-४ कमी असेल, तर दोष गळ्यातल्या थायरॉईडमध्ये आहे आणि पिट्युटरी त्याची भरपाई करायला धडपडतेय. अशा मुलांमध्ये टीएसएच अनेकदा १००च्याही वर असतं. काही लॅबच्या रिपोर्टवर ‘१०० पेक्षा जास्त’ एवढंच छापून येतं, कारण त्या मशीनची मोजण्याची हद्द तिथे संपते. नेमका आकडा हवा असेल तर नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगता येतं, पण उपचार त्यासाठी अडत नाहीत.

फ्री टी-४ कमी असूनही टीएसएच कमी, नॉर्मल किंवा जेमतेम वाढलेलं असेल, तर गोष्ट उलटी आहे. तिथे पिट्युटरी किंवा तिच्या वरच्या भागातच बिघाड असू शकतो आणि ट्यूमरचा शोध गंभीरपणे घ्यावा लागतो. आणि फ्री टी-४ वाढलेलं असूनही टीएसएच दबलेलं नसेल, तर टीएसएच बनवणारा दुर्मीळ अ‍ॅडिनोमा डॉक्टरांच्या डोक्यात यायला हवा. यातल्या कुठल्याही स्थितीत ‘थायरॉईड आहे, गोळी द्या, गाठ जाईल’ असं म्हणून चालत नाही.

एक गोष्ट लोक विसरतात. टीएसएच ७ किंवा ८ असणं हे मुलांमध्ये वरचेवर दिसतं. तेवढ्या किरकोळ वाढीवर मोठ्या पिट्युटरीचं खापर फोडू नये.

तपासणीआधीची छोटीशी खबरदारी: केस गळतात म्हणून मूल बायोटिनच्या गोळ्या घेत असेल तर त्या किमान २ दिवस आधी थांबवा आणि लॅबला सांगा. काही मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. केस गळणं हे थायरॉईडच्या कमतरतेचंच लक्षण असल्यामुळे नेमक्या याच मुलांच्या घरी बायोटिन सापडण्याची शक्यता जास्त.

तिसरी पायरी: अंगावरच्या खुणा आणि उंचीचा इतिहास

रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत घरबसल्या करता येण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे उंचीच्या जुन्या नोंदी गोळा करणं. शाळेचं आरोग्य कार्ड, लसीकरणाची वही, दारामागे पेन्सिलने मारलेल्या रेघा, काहीही चालेल. थायरॉईड मंदावलेल्या मुलाची उंची अडते आणि वजन मात्र वाढत राहतं. वयात येण्याआधीच्या वर्षांत मूल वर्षाला ४ सेंटिमीटरही वाढत नसेल, तर ती दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही. ‘आमच्याकडे सगळेच बुटके’ हे स्पष्टीकरण बुटक्या मुलाला लागू पडेल, वाढ थांबलेल्या मुलाला नाही. आधी वर्गात मधल्या रांगेत असणारं मूल हळूहळू पहिल्या रांगेत आलं असेल, तर नेमकं कधी आलं ते आठवा. आजार साधारण कधी सुरू झाला याचा सुगावा बऱ्याचदा तिथे लागतो.

बाकीची लक्षणं तुकड्यातुकड्यांत येतात, म्हणून जोडली जात नाहीत. सतत थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, सुजरा चेहरा, मंद नाडी, दिवसभर झोप. रक्तात हिमोग्लोबिन कमी आणि कोलेस्टेरॉल जास्त. स्नायू कधीकधी चक्क भरदार दिसतात, पण ताकद नसते. आणि फसवणारी गोष्ट अशी की यांतली बरीच मुलं शाळेत ठीकठाक गुण मिळवत असतात. शांत, आज्ञाधारक, एका जागी बसणारी म्हणून त्यांचं कौतुकही होत असतं.

वयात येण्याचं चक्रही बिघडतं. बऱ्याच मुलांचं ते लांबतं. मुलींची पाळी येत नाही, किंवा आलेली अतिशय जास्त जाते. काही मुलींमध्ये मात्र उलटं घडतं. फार लहान वयात पाळी सुरू होते, स्तनांतून दुधासारखा स्राव येतो, सोनोग्राफीत अंडाशयात मोठाल्या गाठी दिसतात, पण जांघेत केस नसतात आणि हाडांचं वय (एक्स-रेवरून कळणारी हाडांची पक्वता) मागे असतं. वॅन वायक आणि ग्रुमबाख यांनी १९६० मध्ये याचं वर्णन केलं. अकाली वयात येण्याच्या इतर प्रकारांत हाडांचं वय पुढे धावतं, इथे ते मागे रेंगाळतं. निदानाची किल्ली तीच आहे. मुलग्यांमध्ये पुरुषी बदल फारसे न होता वृषणांचा आकार तेवढा वाढतो. अंडाशयातल्या या गाठीही थायरॉईडच्या गोळीनेच ओसरतात. म्हणजे एकाच न ओळखलेल्या आजारापायी मुलीवर डोक्याचं आणि पोटाचं अशी दोन अनावश्यक ऑपरेशनं ओढवू शकतात.

चौथी पायरी: गोळी सुरू करण्याआधी काय तपासायचं

सकाळचं कॉर्टिसॉल आधी बघितलेलं असावं. साधारण ८ वाजताचा नमुना. फुगलेल्या पिट्युटरीच्या दाबामुळे कॉर्टिसॉलची साखळी ढिली पडलेली असू शकते. शिवाय मुलांमधल्या हायपोथायरॉईडचं नेहमीचं कारण हाशिमोटो, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच थायरॉईडवर केलेला हल्ला. अशा काहींमध्ये तोच हल्ला कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींवरही होतो. कॉर्टिसॉल कमी असताना थेट थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, दिलं तर शरीराची कॉर्टिसॉलची गरज वाढते आणि मूल एकदम कोसळू शकतं. म्हणून तिथे आधी हायड्रोकॉर्टिसोन (औषधरूपातलं कॉर्टिसॉल), मग थायरॉक्सिन. अंग काळवंडणं, मिठाची विलक्षण ओढ, वजन घटणं, वारंवार उलट्या, उठताना चक्कर यांतलं काही असेल तर ते स्वतःहून डॉक्टरांना सांगा.

प्रोलॅक्टिनही तपासतात. थायरॉईडमुळे वाढलेलं प्रोलॅक्टिन बहुधा १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत राहतं. मोठ्या प्रोलॅक्टिनोमात ते २००च्या पुढे, कधी हजारांत जातं. माफक वाढ असेल तर प्रोलॅक्टिन उतरवणाऱ्या कॅबरगोलिनसारख्या औषधाची घाई नको, थायरॉईड जागेवर आला की तेही उतरतं. रक्तातल्या अँटी-टीपीओ या थायरॉईडविरोधी अँटिबॉडीवरून हाशिमोटोला दुजोरा मिळतो.

नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टीच्या क्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, करून घ्या. दृष्टिनसांच्या त्या चौकावर दाब आला तर आधी दोन्ही कडांची नजर जाते. समोरचं अक्षर मूल नीट वाचतं, म्हणून चष्म्याच्या दुकानातली तपासणी निर्धोक येते. दाराच्या चौकटीला खांदा लागणं, बाजूने आलेली सायकल न दिसणं असलं काही घडतंय का ते विचारा.

वाढीच्या हार्मोनची उत्तेजक चाचणी मात्र आत्ता करू नये. थायरॉईड कमी असताना ती खोटी कमी येते, आणि मग एका आजाराचे दोन आजार होतात.

पाचवी पायरी: गोळी

औषध एकच, लेव्होथायरॉक्सिन. १२ वर्षांपुढच्या, अजून वाढ चालू असलेल्या मुलांत दिवसाला दर किलो वजनामागे साधारण २ ते ३ मायक्रोग्रॅम लागतं. वाढ पूर्ण झाल्यावर १.६च्या आसपास. पण आजार जुना आणि तीव्र असेल तर अनेक तज्ज्ञ कमी डोसने सुरुवात करून तो काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवतात. ‘इतकं टीएसएच आणि इतकीशी गोळी?’ म्हणून स्वतःहून डोस वाढवू नका.

सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा ते एक तास. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीची औषधं यांच्यात आणि हिच्यात ४ तासांचं अंतर ठेवा. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची गोळी या मुलांना हमखास चालू असते आणि सोय म्हणून दोन्ही एकत्र दिल्या जातात, तेव्हा या एका ओळीकडे नीट लक्ष द्या. सकाळी शाळेच्या घाईत जमतच नसेल, तर शेवटच्या खाण्यानंतर किमान ३ तासांनी, झोपताना देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येईल. वेळ कुठलीही निवडा, रोज तीच ठेवा. ब्रँड बदलावा लागला तर डॉक्टरांना कळवा. गोळ्या उन्हात, ओलीत ठेवू नका.

टी-४चं अर्धायुष्य सुमारे ७ दिवसांचं असतं, त्यामुळे एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही. आठवड्यातून तीन दिवस चुकले तर मात्र ग्रंथी तशीच राहते. वारांचे कप्पे असलेली डबी घ्या आणि पहिले काही महिने गोळी समोर घ्यायला लावा. पंधरा वर्षांच्या मुलाला हा अपमान वाटतो, मान्य आहे. डॉक्टरांना मात्र लपवाछपवी रिपोर्टवरून कळते: फ्री टी-४ छान आणि टीएसएच अजून भलतंच वर असेल, तर तपासणीच्या आधीच्या चारपाच दिवसांतच गोळ्या नियमित घेतल्या गेल्या अशी शंका येते.

पहिले काही महिने

मूल बदलतं, आणि सगळेच बदल घरच्यांना आवडणारे नसतात. शांत मूल अचानक बडबडं, चुळबुळं होतं, उलट उत्तरं देतं, अभ्यासात लक्ष टिकत नाही. शाळेतून तक्रार येऊ शकते. काही काळ केस जास्त गळतात. हे बहुधा तात्पुरतं असतं. गोळी बंद करण्याचं कारण नक्कीच नाही. धडधड, हाताला थरथर, झोप उडणं, जुलाब असं होत असेल तर डोस जास्त झालाय का ते तपासावं लागतं. जास्त डोस वाढीसाठीही वाईट, कारण हाडं लवकर पक्व होऊन उंचीची उरलेली संधी जाते. ज्यांचा आजार बरीच वर्षं लपून राहिला, त्यांची हुकलेली उंची सगळीच भरून येईल असं नसतं, हे आधीच मोकळेपणाने समजून घ्या.

दोन तक्रारींना मात्र ‘बघू उद्या’ म्हणू नका. गोळी सुरू झाल्यावर डोकेदुखी नव्याने वाढली, उलट्या होऊ लागल्या किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब वाढलेला असू शकतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी लगेच हवी. आणि मूल लंगडू लागलं, मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणालं, तर खुब्याच्या हाडाचं डोकं सरकलेलं असू शकतं. हायपोथायरॉईड मुलांमध्ये हा धोका जास्त असतो. गुडघ्याला मलम चोळत न बसता त्याला चालू न देता खुब्याचा एक्स-रे काढा.

एकाएकी असह्य डोकेदुखी, नजर जाणं, गुंगी असं काही झालं तर कोणत्याही टप्प्यावर थेट इमर्जन्सी गाठा. ग्रंथीत रक्तस्राव झाल्याची ती खूण असू शकते.

सहावी पायरी: पुन्हा रक्त, पुन्हा एमआरआय

टीएसएच आणि फ्री टी-४ साधारण ६ ते ८ आठवड्यांनी. फ्री टी-४ आधी सुधारतं, टीएसएच मागून येतं. नजर शाबूत असेल तर एमआरआय ३ ते ६ महिन्यांनी पुरेसा असतो. दर महिन्याला काढून मनाला घोर लावून घेण्यात काही अर्थ नाही. नजरेवर परिणाम झालेला असेल तर डोळ्यांची तपासणी बरीच जवळजवळ करावी लागते, आणि गोळी चालू असूनही नजर ढासळत गेली तर शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो. न्यूरोसर्जन या गोष्टीतले खलनायक नाहीत. त्यांच्याकडे जाण्याआधी रक्ताचा रिपोर्ट हातात हवा, इतकंच.

सहा महिन्यांनंतरही ग्रंथी तेवढीच असेल, तर पहिला प्रश्न गोळीचा: घेतली जातेय का, पोटात शोषली जातेय का, डोस पुरेसा आहे का. टीएसएच व्यवस्थित खाली येऊनही आकार हलला नाही, तर निदानाचा फेरविचार करावा लागतो. हायपोथायरॉईड आणि खरा अ‍ॅडिनोमा एकाच मुलात असणं अशक्य नाही.

एमआरआय नॉर्मल आला की अनेक घरांत गोळी सुटते, कारण गाठ गेली म्हणजे आजार गेला असं वाटतं. हाशिमोटोमध्ये गोळी बहुधा आयुष्यभराची असते. ती थांबली तर टीएसएच पुन्हा चढतं आणि सूज परत येऊ शकते. वाढ पूर्ण होईपर्यंत दर ४ ते ६ महिन्यांनी तपासणी आणि उंची-वजनाची नोंद, पुढे वर्षातून एकदा, अशी साधारण चाल असते.

पहिल्या आणि नंतरच्या एमआरआयच्या सीडी, उपचाराआधीचं टीएसएच आणि उंचीचा तक्ता एका फाईलमध्ये ठेवा. मूल मोठं होऊन दुसऱ्या गावी शिकायला गेलं की फाईल त्याच्याकडे द्या आणि तिच्यात काय आहे ते त्याला नीट समजावून सांगा. पुढे कधी डोकेदुखीसाठी एखाद्या नव्या डॉक्टरने एमआरआय सांगितला, तर त्याच्याबरोबर टीएसएच करून घ्या म्हणून सांगायचं काम तेव्हा त्यालाच करायचं आहे.